दस्तगीरचा आंबेमोहर

दस्तगीर गेल्याची बातमी मला लोणावळ्याच्या बाजारात भाजी घेताना कळली. भाजे गावचा एक ओळखीचा शेतकरी टोपली उतरवत म्हणाला, "मास्तर, तुमचा दस्तगीर गेला की. तापानं गेला. काल माती दिली." हातातली मेथीची जुडी मी तशीच परत ठेवली...

दस्तगीर मुलाणी माझा जुना विद्यार्थी. वय चाळिशीच्या आतबाहेर. देहूरोडच्या लष्करी डेपोत तो कारकून होता आणि सुटीच्या दिवशी भाज्याच्या पोरांना मारुतीच्या पारावर बसून संस्कृत शिकवी. मुलाण्याचा मुलगा देवळासमोर विभक्त्या घोकून घेतो, याचे गावाला कधी नवल वाटले नाही. जत्रेत बकऱ्यावर सुरी फिरवायला जसा मुलाणी लागतो, तसा पोरांना शिकवायला दस्तगीर लागतो, इतके ते साधे होते.

हे सारे मनात ठेवून मी गप्प बसलो असतो. पण परवा आमच्या वाचनालयात त्याची शोकसभा झाली आणि तिचे अध्यक्ष म्हणून आमच्या गावचे जुने प्राचार्य आले. त्यांचे कॉलेज बंद पडून बरीच वर्षे झाली. पांढरी शाल आणि आवाजातला कंप एवढे उरले आहे. ते म्हणाले, "दस्तगीर आमच्याकडे प्रवेशासाठी आला होता. आमची दारे त्याला उघडी होती. पण घरच्या ओढीने त्याने नोकरी पत्करली." सभा हळहळली. मग सगळे दोन मिनिटे डोके खाली घालून उभे राहिले. मीही उभा राहिलो.

ती दारे किती उघडी होती, ते मी पाहिले आहे. दस्तगीरला तिथे घेऊन गेलो होतो तो मीच.

मी तेव्हा लोणावळ्याच्या शाळेत नवा मास्तर होतो. दस्तगीर भाज्याहून मळवलीला चालत येऊन गाडीने शाळेत येई. मॅट्रिकला त्याला संस्कृतात शाळेत सर्वांत जास्त गुण मिळाले. पुण्यात राहून शिकण्याचा खर्च त्याच्या घराला झेपणारा नव्हता. पण लोणावळ्याबाहेर एका जुन्या बंगल्यात ते छोटे कॉलेज चाले. मूठभर विद्यार्थी, चार-पाच प्राध्यापक, सगळे एका आवारात राहणारे. हुशार मुलाला फी नाही आणि राहणे-जेवणेही तिथेच. 'आम्ही परीक्षार्थी नव्हे, माणूस घडवतो,' हे प्राचार्यांचे वाक्य मला पाठ होते. तिथे प्रवेश मिळाला तरच दस्तगीर पुढे शिकणार होता. दुसरी वाट नव्हती.

त्याला आणायला मी भाज्याला गेलो, तर त्याचे वडील इमामभाई पिशवी भरून तयार. "मास्तर, रिकाम्या हातानं कसं जायाचं? तितं पोरं जेवत्यात न्हवं? ह्यो आंबेमोहर घिऊन जावा. आमच्या खाचरातला हाय."

"आबा, तितं परीक्षा घेत्यात," दस्तगीर म्हणाला. "सोयरीक जुळवाया न्हाई चाललो."

"तू गप ऱ्हा. आपला भात खाल्ला की मानूस न्हाई म्हनत न्हाई."

जुन्या धोतराची दुहेरी शिवलेली ती पिशवी खांद्यावर टाकून दस्तगीर वाटभर हसत होता. गाडीत डबाभर तांदळाचा वास पसरला होता.

प्राचार्यांनी आमचे स्वागत छान केले. ग्रंथालय दाखवले, वर्ग दाखवले, मुलांच्या खोल्या दाखवल्या. एका खोलीच्या खिडकीतून लोहगड दिसत होता. दस्तगीर तिथे जरा जास्तच रेंगाळला. मग प्राचार्यांनी त्याला संस्कृतातले काही म्हणायला सांगितले आणि त्याने डोळे मिटून अस्खलित म्हटले. प्राचार्य उठून दारात गेले आणि ओरडले, "अहो, इकडे या सगळे! उच्चार ऐका! मुलाण्याचा आहे हं, मुलाण्याचा!" प्राध्यापक जमले. त्याला पुन्हा म्हणायला लावले. दरवेशी खेळ लावतो तसे ते चालले होते. एकजण म्हणाला, "मांस खाऊन जीभ इतकी स्वच्छ कशी राहिली हो?" सगळे हसले. त्या हसण्यात माझाही आवाज होता.

दस्तगीरने पिशवी पुढे केली, तेव्हा प्राचार्यांनी स्वतः तिचे तोंड सोडले, मूठभर तांदूळ हातात घेऊन नाकाशी नेला. "अहाहा! हा आजच शिजवा." आचारी क्षणभर घुटमळला. "कोरडा शिधा आहे रे, त्याला कसला विटाळ?" प्राचार्य म्हणाले आणि पिशवी आत गेली.

पाने मांडली, तेव्हा एक पान बाहेर पडवीत होते, जिथे सगळ्यांचे जोडे काढलेले होते तिथे. दस्तगीर माझ्याकडे पाहू लागला. मी प्राचार्यांकडे पाहिले. "तत्त्वतः माझा काही आक्षेप नाही," ते हळू आवाजात म्हणाले, "पण आचारी सोडून जाईल. तुम्ही या मास्तर, आत या."

मी आत गेलो. सदरा काढला, पानाभोवती पाणी फिरवले आणि जेवलो. भात असा झाला होता की शीत न् शीत सुटे आणि सगळ्या घरात मोहोर आल्यासारखा वास. प्राध्यापक वाखाणत होते. मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. हे लिहितानाही शिसारी येते, पण तो मी मागून घेतला, आणि मला तो आवडला.

हात धुऊन बाहेर आलो, तर दस्तगीर खाली बसून आपली जागा शेणाने सारवत होता. आचाऱ्याने तसे सांगितले होते. लोहगडाकडे पाहणारा तो मुलगा शेणाच्या हाताने मला म्हणाला, "झालंच मास्तर."

मग प्राचार्यांनी निकाल सांगितला. तो शब्दाला शब्द आठवतो, कारण इतक्या सुरेख मराठीत इतकी घाण मी पुन्हा कधी ऐकली नाही. "आमच्या कॉलेजात भेदभाव नाही. सर्वांनी एका पंगतीत जेवायचे, हा आमचा पहिला नियम. आता ज्याला पंगतीत घेता येत नाही, त्याला प्रवेश दिला तर नियम मोडेल. समतेच्या तत्त्वालाच बाध येईल. मास्तर, तुम्हीच सांगा, मी काय करू?"

मी सांगायला हवे होते. आताच भात खाल्लात ना, असे तरी म्हणायला हवे होते. मी म्हणालो, "आपली अडचण समजते." रिकामी पिशवी नीट घडी करून आम्हाला परत मिळाली.

आम्ही स्टेशनच्या वाटेला लागलो. दस्तगीर म्हणाला, "मास्तर, तांदळाला तेवढी ॲडमिशन घावली बगा." मी हसलो नाही. तो हसला. इमामभाईंना त्याने सांगितले, "आबा, जागा भरल्या व्हत्या." माझ्यादेखत सांगितले, आणि मी मान हलवली.

पुढच्याच महिन्यात तो नोकरीला लागला. पण दर वर्षी भात झोडपून झाला की तीच पिशवी भरून तो माझ्या घरी येई. त्याच्या मनात टोमणा होता की माया, हे मला कधी विचारवले नाही. आणि इथे माझीही शोकसभा व्हायला हवी, कारण माझ्या घरी तो जेवे तो ओसरीवर. आईचे सोवळे होते, असे मी स्वतःला सांगत असे. प्राचार्यांचा आचारी, माझी आई. आई गेल्यावर मी म्हणालो, "दस्तगीर, आत ये आता." तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मास्तर. हितं वारा लय ग्वाड लागतो." मी पुन्हा आग्रह केला नाही. सुटल्यासारखे वाटले होते मला...

रेशनच्या दिवसांत मिळेल तो किडका तांदूळ लोक खात होते, तेव्हाही ती पिशवी आली. यंदाही आली. काल त्याची बायको रबिया घेऊन आली. "त्येंनी सांगून ठिवलं व्हतं, मास्तरांकडं गेलीच पायजे म्हून." माझी पत्नी तिला हाताला धरून आत घेऊ लागली, पण ती उंबऱ्याशी थांबली, पिशवी ठेवली आणि नवऱ्यामागे घरात बसण्याचे दिवस आहेत म्हणून लगेच गेली.

आज तो भात शिजला. मी ताट घेऊन ओसरीवर, खांबाशी, त्याच्या जागेवर बसलो. इथे वारा मुळीच लागत नाही. भिंत आड येते. मात्र इथून घरातले सगळे दिसते: पाट, पाने, कोण किती वाढून घेतो, कोण कुणाकडे बघत नाही. त्या कॉलेजची पडवीही अशीच होती, दारासमोर. त्या दिवशी मी दुसऱ्यांदा भात मागितला, ते त्याला दिसले होते.