प्रेमदासभाऊंना हात लावायचा नाही

बोरगाव मेघेतल्या आमच्या गल्लीला मदत करायचं व्यसन आहे. सवय नाही, व्यसनच. प्रेमदासभाऊंची नजर काचबिंदूनं गेली तेव्हापासून तर ते फारच वाढलं. एकदा भाऊ नुसते ऊन खात रस्त्याकडेला उभे होते, तर प्रभाकररावांनी त्यांना धरून पलीकडे नेलं. पलीकडून सरितानं धरून परत आणलं. भाऊंना मुळात कुठे जायचंय का, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

भाऊ पूर्वी एसटीत कंडक्टर होते. जन्मभर लोकांना "पुढे सरका" म्हणणाऱ्या माणसाला आता जो तो दंड धरून पुढे सरकवायचा. भाऊंचं डोकं फिरायचं. त्यात नागपूरची मुलगी माधवी हट्टाला पेटली. आई गेली, तुम्हाला दिसत नाही, एकटे कसे राहाल, चला माझ्याकडे.

"तिथं दहाव्या माळ्यावर मी काय करू? लिफ्टमंधी खालीवर करत बसू?" भाऊ म्हणाले.

शेवटी पैज ठरली. भाऊंनी एकट्यानं वर्ध्याला जाऊन बाजार करून यायचा. जमलं तर बोरगाव, नाही जमलं तर नागपूर.

भाऊ तयारीला लागले. पांढरी काठी होतीच, फोनही बोलका घेतला. कॅमेरा समोर धरला की त्यातली बाई समोर काय दिसतंय ते हिंदीत सांगते. पहिल्याच दिवशी तिनं प्रभाकररावांना "एक बुजुर्ग आदमी" म्हटलं. प्रभाकरराव दुसऱ्या दिवशी केस काळे करून आले. बाई पुन्हा तेच म्हणाली. तेव्हापासून ते त्या फोनसमोर उभे राहत नाहीत.

मग भाऊंनी सगळ्यांना जमवून बजावलं, "मले हात लावाचा नाई. सांगितल्याबिगर बोलाचं तं बिलकुल नाई."

आम्ही शपथ घेतली. आता, रस्ता साफ करायचा नाही असं काही त्या शपथेत नव्हतं. म्हणून त्या दिवशी उजाडताच आम्ही गल्ली झाडली, दगड उचलले, एक गाय हाकलली, आणि कोपऱ्यावर कित्येक वर्षं गंजत पडलेली प्रभाकररावांची स्कूटर उचलून मागच्या बोळात नेऊन ठेवली. फार छान काम झालं म्हणून त्यावर चहाही प्यालो.

भाऊ निघाले. काठी टकटकवत ताठ मानेनं. मागून आम्ही सगळे, आवाज नको म्हणून चपला हातात घेऊन. कोपरा आला आणि भाऊ वळलेच नाहीत. वळतील कसे? काठी स्कूटरला लागली की उजवीकडे वळायचं, हे त्यांचं गणित. स्कूटर नाही म्हटल्यावर भाऊ सरळ शोभाबाईंच्या अंगणात शिरले. तिथं खाटेवर मुगवड्या वाळत घातलेल्या. शोभाबाईंनी तोंडात पदर कोंबला. बोलता येईना, हात लावता येईना!

काठी खाटेला लागली. भाऊ थांबले. त्यांचा चेहरा गोंधळलेला होता. गेले आता हे नागपूरला, असं वाटून मला चक्क रडू यायला लागलं.

भाऊंनी फोन काढला आणि अंदाज घ्यायला मागे वळले. बाई ठणकावून म्हणाली, "सामने बहुत सारे लोग हैं. सबके हाथ में चप्पल है."

"चपला घेऊन काऊन उभे राह्यले बे?" भाऊ ओरडले. "मारता का मले?"

"नाई भाऊ, आवाज येऊ नाई म्हणून," शोभाबाई बोलून गेल्या आणि मग कपाळावर हात मारून घेतला.

"हे तुमचं आंगन होय तं! मंग स्कूटर कुठी गेली?"

"तुमाले अडचण नोको म्हणून हटवली."

"मी काय मंत्री हाय, रस्ता खाली कराले? त्या स्कूटरवरून तं मी वळतो! ठेवा जाग्यावर. आन् मदत कराची असंल तं आंधी मले इचारत जा."

आम्ही निमूटपणे स्कूटर ओढायला गेलो. तोवर भाऊ भिंतीला काठी लावत लावत अंगणाबाहेर पडले, वळण शोधलं आणि ऑटोत बसून गेलेसुद्धा. आमच्याकडे नुसती स्कूटर उरली.

दुपारी ते बाजाराची भरलेली पिशवी घेऊन परतले. गल्ली ओट्यावर जमलेली. तेवढ्यात माधवीचा फोन आला, तो भाऊंनी स्पीकरवर घेतला. बाबा कुठे आहेत ते तिला तिच्या फोनवर दिसत असतं.

"बाबा, सकाळी तुम्ही शोभामावशीच्या अंगणात काऊन शिरलते?"

आम्ही सगळे माना हलवून भाऊंना नको नको म्हणत होतो. आता त्यांना ते दिसणार कसं!

"चुकलो," भाऊ म्हणाले. "मंग निघालो बाहेर. माहा मीच."

माधवी म्हणाली, "रविवारी येते मी."

भाऊंचा चेहरा पडला. "सामान बांधून ठेवू का?"

"नाई, बाबा. जेवाले येते. न्याले नाई."