दुसरा कुकारा

मोटारसायकल घेतली तेव्हा माझी पन्नाशी उलटून गेली होती. बायको म्हणाली, "आता एवढंच राहिलं होतं." मुलगी म्हणाली, "बाबा, हेल्मेट घातल्यावर तुम्ही अगदी वरवंट्यासारखे दिसता." नायगावची चाळ सोडून टॉवरमध्ये राहायला आल्यापासून आई सरकत्या काचेपाशी खुर्ची टाकून नुसती बसलेली असायची. तिथूनच तिने विचारलं, "ह्या गाडीवरून खिंडीपर्यंत जाता येईल?"

खिंड म्हणजे तिच्या माहेरची. घाटाखालच्या डोंगरात मोजक्या घरांची वाडी आणि वाडीच्या डोक्यावर ही खिंड. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून माझा जन्म तिथला. शाळेत असताना दर मे महिन्यात जायचो. पुढे नोकरी, लग्न, मुलीची शाळा, दरवर्षी 'पुढच्या वर्षी नक्की' असं करता करता माझे केस पांढरे झाले, पण जाणं काही झालं नाही.

त्या घरात आता आईचा धाकटा भाऊ एकटाच राहतो. मामी दोन वर्षांपूर्वी गेली. नेमकी तेव्हाच आई न्हाणीत घसरून मांडीचं हाड मोडून घेऊन इस्पितळात पडली होती आणि मी तिच्या उशाशी होतो. मामीच्या दिवसांना आमच्यातलं कोणीच पोचलं नाही. तेव्हापासून मामा फोनवर येत नाही. शेजारच्या घरी फोन लावला की तिथली माणसं म्हणतात, "बरे आहेत, पण बोलत नाहीत." आईने त्याचा एकच अर्थ लावला होता. "त्याने मला घरातून काढली," ती म्हणायची, आणि पानातला भात तसाच ठेवून उठायची. मला आधी तिचा राग यायचा, मग स्वतःचा, आणि मग नुसतं वाईट वाटायचं.

निघायच्या आदल्या दिवशी तिने मला समोर बसवलं. "कोणाक फोन करू नको. खिंडीतसून कुकारो घाल. एकच घाल हां. त्याने ओ दिली तर खाली उतर."

"आणि नाही दिली तर?"

"तर तिथेच नारळ ठेव नि परत ये."

कुकारो म्हणजे लांबून घातलेली हाक. तिच्यात शब्द नसतात, नुसता आवाज. आईच्या वाडीत प्रत्येक घराचा कुकारा वेगळा. मामाच्या घराचा आधी लांब, मग मध्येच तुटून एकदम वर चढणारा. मुंबईहून किंवा बाजारातून येणारं माणूस खिंडीत पोचलं की कुकारा घालायचं. माणसामागे एक कुकारा. खाली घरातलं कोणीतरी ते मोजायचं, ओ द्यायचं आणि तेवढा भात जास्त टाकायचं. माणूस उतरून पाय धुईपर्यंत पानं मांडलेली असायची.

आईने हा कुकारा मुंबईतही सोडला नव्हता. आम्ही चाळीच्या मैदानात खेळत असलो की तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून ती जेवायला बोलवायची ती अशीच. पोरं मला चिडवायची, "ए, तुझा भोंगा झाला!" मी लाजेने मान खाली घालून घरी पळायचो. टॉवरमध्ये आल्यापासून तो आवाज कधीच ऐकू आला नव्हता. एवढ्या वरून हाक मारायची तरी कोणाला?

तर मी निघालो. पहिल्या दिवशी हायवेवरच्या एका लॉजवर उतरलो तेव्हा पाय असे काही फाकले होते की मॅनेजरने न विचारताच तळमजल्यावरची खोली दिली. दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर खिंडीत पोचलो. पूर्वी बैलगाडीची वाट होती, आता तिथवर डांबर आलंय. तिथून खाली मात्र अजून जांभ्या दगडाच्या पायऱ्याच. मामाच्या घराच्या कौलांवर निळा प्लास्टिकचा कागद दिसत होता. अंगण सारवलेलं होतं. माझे डोळे भरून आले आणि त्यासाठी मी हेल्मेटला दोष दिला.

खिंडीत एक गाडी थांबली होती आणि एक कुटुंब फोटो काढत होतं. त्यांच्यासमोर कसा ओरडणार? मी टायर तपासले, चेन तपासली, पुन्हा टायर तपासले. शेवटी ते गेले. मी तोंडाभोवती हात धरले आणि कुकारा घातला. चिरका, मध्येच फुटलेला. खालून काही आलं नाही. पिशवीतला नारळ मला दिसत होता आणि तो काढायची हिंमत होत नव्हती.

नारळाऐवजी मी फोन काढला आणि आईला लावला.

"ओ नाही देत गं."

"कसो घातलंस? माका ऐकव."

मी फोन तोंडाशी धरून हलक्या आवाजात ऐकवला.

"टॅक्सीवाल्याक बोलावतंस काय रे? पोटातून काढूक होयो!"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती उठून उभी राहिली असणार. आणि मग त्या टॉवरमधल्या हॉलमध्ये माझ्या आईने कुकारा घातला. मागून बायको ओरडली, "अहो आई, काय झालं?" कुठल्यातरी मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. मी मात्र चाळीच्या मैदानात उभा होतो, गुडघे खरचटलेला, भूक लागलेला.

"हां, आता तू घाल!"

मी घातला. तिच्यासारखाच, आधी लांब, मग तोडून वर. एवढ्यात रेंज गेली आणि फोन कट झाला. एकच कुकारा घालायचा हे मीही विसरलो होतो आणि तीही.

डोंगरावर आपटून आवाज परत आला. तो विरला आणि खालून, घरामागच्या पोफळींतून, कोणीतरी ओ दिली. लांबलचक, थरथरती ओ. मी बॅग तिथेच गाडीवर सोडली आणि पायऱ्या उतरायला लागलो.

मामा पडवीत उभा होता. वाळला होता फार. मी वाकून पाया पडलो तर त्याने पाठीवर हात ठेवला, पण नजर माझ्यामागच्या पायऱ्यांवर. तांब्या दिला, पाय धुवायला लावले, आणि पुन्हा अंगणाच्या कडेला जाऊन वर बघत राहिला. आत चुलीवर भात शिजत होता. जमिनीवर तीन पाट मांडलेले होते आणि तीन ताटं.

"अजून कोण येणार आहे, मामा?"

"दोन कुकारे इले," तो म्हणाला. "पयलो तुझो, पण माका खरो वाटलो नाय. दुसरो बायचो. बाय खंय? हळूहळू उतारता काय? हात धरूचो नाय तिचो?"

मामा आईला बाय म्हणतो. मी कसंबसं सांगितलं, की ती आलेली नाही, तिला आता पायऱ्या उतरवत नाहीत, दुसरा कुकाराही माझाच, फक्त तिने फोनवर शिकवलेला.

मामा पाटावर बसला. बसल्या बसल्या त्याने चुलीतलं लाकूड आत सारलं.

"तिचो पाय मोडलो तेव्हा मी तिका बघूक गेलंय नाय," तो म्हणाला. "मामी गेली आणि माका काय सुचाच नाय. नंतर फोनवर काय बोलतलंय? माका वाटलां, ती रागावली. म्हणान कोण कुकारो घालूक येणा नाय."

दोन वर्षं ही दोन म्हातारी माणसं दुसऱ्याच्या रागाला भिऊन गप्प बसली होती. मी त्याला तसं बोलून दाखवलं, जरा चढ्या आवाजातच. तो हसला. हसताना अगदी आईसारखा दिसला.

भात झाला. त्याने तिन्ही ताटांत वाढला. तिसऱ्या ताटावर दुसरं ताट झाकलं, आपल्या ताटाला हात न लावता उठला आणि टोपी घातली.

"चल. खिंडीत फोन लागता ना?"

आम्ही पायऱ्या चढून वर गेलो. चढताना दोनदा थांबलो, ते माझ्यासाठी. मोटारसायकलला टेकून मी आईचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. पहिल्याच रिंगला तिने उचलला. इतका वेळ फोन हातातच धरून बसली असणार. मी काही बोलायच्या आत मामाने फोन घेतला, तोंडासमोर धरला आणि खालून दिली होती तशीच ओ दिली.

पलीकडे खुर्ची सरकली.

मग आई बोलली, बारीक आवाजात.

"भात टाकलंस?"

"टाकलंय गो," मामा म्हणाला. "तुझोय टाकलंय."