सावकाश जेवणारे काका

बाळांनो, अन्नाला न्याय कसा द्यावा हे साऱ्या ठाणे जिल्ह्यात एकाच माणसाला कळत होते, आणि तो माणूस डोंबिवलीत आमच्या शेजारी राहत होता. आम्ही त्यांना नुसते काका म्हणत असू. ठाण्याच्या कोर्टातून ते निवृत्त झाले होते आणि दिवाणी दावा चालावा तसे जेवत. त्यांच्या वरणभाताची सुनावणी संपून पोळीभाजीचा पुकारा होईपर्यंत आमच्याकडे दुपारची झोप होऊन चहाचे आधण चढलेले असे. युद्ध संपले होते, पण रेशन संपले नव्हते, आणि त्या तांदळात खडे पुष्कळ. काका घास चावता चावता मध्येच थांबत आणि सापडलेला खडा ताटाच्या कडेला मांडत. "बघ सूनबाई," मला म्हणत, "तुम्हा घाईच्या माणसांना हे गिळल्याचं कळतसुद्धा नाही."

लग्नाच्या पंगतीत तर त्यांची कीर्तीच होती. शेवटच्या माणसाचे होईपर्यंत कुणी पानावरून उठायचे नाही ही रीत, आणि शेवटचा माणूस कायम हाच. ठाण्याच्या एका लग्नात सगळ्यांचे हात वाळले, दुसऱ्या पंगतीचे लोक पाठीशी येऊन उभे राहिले, तरी काका मठ्ठ्यातली कोथिंबीर चघळत होते. "काका, आटपा आता," मुलीचा मामा ओरडला, "नाहीतर बारसंही याच मांडवात उरकावं लागेल!" काकांनी घोट पुरता गिळला, मगच म्हणाले, "बारशाला जिलबी ठेवा."

आता गंमत अशी, की डोंबिवलीतले सर्वांत भरभर जेवणारे माणूसही त्याच घरात होते. ते म्हणजे काकू. नवऱ्याआधी जेवायचे नाही हा त्यांचा नेम. काका उठेपर्यंत दुपार कलंडलेली असे. मग काकू चुलीपाशी उकिडव्या बसून कसेबसे चार घास पोटात ढकलत. त्याच वेळी काका ओसरीवर आम्हाला शांतपणे जेवण्याचे महत्त्व सांगत असत.

एका दुपारी काकू मोरीपाशी चक्कर येऊन पडल्या. डॉक्टरांनी बजावले, "यांना वेळेवर जेवायला घाला. उपास आता सोसायचा नाही."

"अगं, उद्यापासून तू आधी जेव," काका म्हणाले.

"आजवर नाही जेवले ती आता? आजारी आहे, वेडी नाही."

"मग माझ्याबरोबर बस."

"आणि तुम्हाला वाढणार कोण?"

काकांचे आयुष्य कोर्टात गेले होते. हरलेला दावा त्यांना ओळखू येत असे.

दुसऱ्या दिवशी मी ताक द्यायला गेले, तर काका भात अक्षरशः गिळत होते. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आले, तरी हात थांबेना. मग हात धुऊन ते काकूंसमोर पाट ओढून बसले. "हं, आता तू. सावकाश."

"असं टक लावून बघू नका, घास उतरत नाही."

"बरं, भिंतीकडे बघतो."

काकू बऱ्या झाल्या, अंगाने भरल्या, पण काकांचे गिळणे शेवटपर्यंत चालले. लग्नांतसुद्धा, कारण बायकांची पंगत नंतर बसे. लोक हिरमुसत, चेष्टा करायला कुणी उरले नव्हते. एकदा मी वालाच्या बिरड्याचा वाडगा घेऊन गेले. काकांचे ताट केव्हाच रिकामे झाले होते. मी विचारले, "काका, तुम्हाला चव तरी कळते का हो हल्ली?"

त्यांनी काकूंकडे पाहिले. त्या बिरड्याचा घास अगदी निवांत चावत होत्या.

"हळू बोल," काका म्हणाले, "तिचं जेवण चाललंय."