खालचा सूर

काल सरावाला नवी आलेली मीरा गाता गाता हळूच माझ्या शेजारी सरकली. आमच्या गटात पेटी नाही, तबला नाही; तालसुद्धा तोंडानेच धरायचा. आठ गळ्यांतून अख्खं गाणं उभं राहतं. कॉलेजात असताना असं गाणं पहिल्यांदा ऐकलं आणि मी त्याचीच झाले. चाळीस वर्षं वरच्या पट्टीत गायले. गेल्या वर्षी मात्र वरचा सा लागेना. गाणी बसवणाऱ्या सुहासला म्हटलं, "आता मी थांबते."

"थांबू नका, ताई. खाली या. तिथे माणूस कमी आहे."

तेव्हापासून मी खालचा सूर धरून उभी असते. श्रोत्यांना तो वेगळा ऐकूही येत नाही. सुरुवातीला जीव हिरमुसायचा.

कडवं संपल्यावर मीराला विचारलं, "इकडे का आलीस गं?"

"माझा सूर हलला होता, काकू. तुमच्याजवळ आलं की सापडतो."

गाणं म्हणजे आपण ऐकू जाणं, असं मी इतकी वर्षं समजत होते. तिला काही सांगायच्या आत सुहासने हात उचलला. मी श्वास भरून घेतला.