लग्नाच्या लॉनवर न गेलेली बोट

माझ्या बोटीला रंग फासून ती लग्नाच्या लॉनवर ठेवायची आणि तिच्यात पाणीपुरीचा स्टॉल मांडायचा, असा बेत माझ्या मुलाने मला न विचारताच ठरवला होता. लॉनवाला त्याचा मित्र. प्रताप नगरातल्या माझ्याच घरात, माझ्याच हातचा चहा पीत मला म्हणतो, "काकू, बोट एकदम झकास दिसन!" मी म्हटलं, "कप ठेव अन् निघ." त्याला वाटलं मी गंमत करून राहिले.

सत्तरीकडे झुकलेली बाई रामटेकजवळच्या तलावावर जाते आणि एकटी बोट चालवते, हे आमच्या घरात कोणालाच कधी पचलं नाही. बोट फायबरची, जुनी, मी आणि नवऱ्याने मिळून घेतलेली. तो गेल्यावर सगळे धरूनच चालले की आता ती विकायची. काहून पण? चालवायचे तर मीच. तो समोर बसून डबा उघडायचा आणि मला रस्ता सांगायचा, तोही चुकीचा.

भानगड झाली उन्हाळ्यात. पाणी उतरलं की त्या तलावातल्या बुडालेल्या झाडांची खुंटं पृष्ठभागाच्या जेमतेम खाली येतात, दिसत मात्र नाहीत. म्हणून बोटीवर पाण्याची खोली सांगणारं यंत्र आहे. समोर पडद्याचा डबा, मागे बाहेरून लावलेला सेन्सर; तो खाली आवाज सोडतो आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून खोली कळते. बोट काठाला लावताना एका दगडाने तो सेन्सर पट्टीसकट उपटला. वायरीला लोंबकळत राहिला म्हणून वाचला.

दुरुस्तीवाला आला, मागची बाजू ठोकून पाहिली. "आतलं लाकूड सडलं हो, काकू. इथं स्क्रू धरत नाही. हे भंगार फेका, नवीन मशीन घ्या. तळाले भोक पाडून बसवून देतो."

"तळाले भोक? स्वतःच्या डोक्याले पाड!"

मुलाने तेवढंच धरलं. "यंत्र नसलं तर मी तुले पाण्यात जाऊ देत नाही, आई. चालू झालं तर ठेव बोट. नाही तर लॉन." जाऊ देत नाही म्हणे! पण खुंटांचं त्याचं म्हणणं खरं होतं. राग मात्र असा आला की दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही.

जुनं यंत्र फेकायला मी तयार नव्हते. सलग फायबरमधून आवाज आरपार जातो, असं कुठेतरी ऐकलं होतं. मग सेन्सर आतूनच तळावर चिकटवला तरी चालायला पाहिजे. एम-सील लावून चिकटवला. पडद्यावर नुसत्या रेघा. काढला, पुन्हा चिकटवला, वर विटा ठेवल्या, शिव्या घातल्या. रेघाच. मुलाने माझ्यासमोरच लॉनवाल्याला फोन लावला.

त्यातच माझी छाती धडधडायला लागली. मला धंतोलीतल्या दवाखान्यात नेलं, इको काढायला. तिथल्या पोरीने छातीवर गारगार, चिकट जेल ओतलं.

"हे काहून लावून राहिली वं?"

"आजी, मशीनच्या अन् कातडीच्या मधात हवा राहिली तर काहीच दिसत नाही. हलू नका."

मी ताडकन उठून बसले. "अगं बाई, हवा! हवाच आहे तिथं!"

पोरगी घाबरून डॉक्टरला बोलवायला धावली. डॉक्टरांनी मला झोपवलं, पाहिलं, सांगितलं की एक वॉल्व्ह गळतो आहे. गोळ्या घ्या, जोर लावू नका. मुलाचा चेहरा पडला. मी खालच्या मेडिकलमधून जेलची बाटली घेतली.

बोटीवर जाऊन एम-सील खरवडून काढलं. खाली बुडबुडेच बुडबुडे. जेल ओतलं, सेन्सर दाबून ठेवला, आणि पडद्यावर आकडा आला! दोरीला वजन बांधून पाणी मोजलं. तेवढंच. मी इतक्या जोरात ओरडले की काठावरचा जाळेवाला उभा राहिला. मग पाइपचं एक कडं तळावर पक्कं चिकटवलं, जेल सुकतं म्हणून त्यात तेल भरलं आणि सेन्सर त्यात बुडवून बसवला. हवा आत शिरायला जागाच नाही. जुनाच डबा, जुनाच सेन्सर, आणि तळाला एकही भोक नाही. आहे काय अन् नाही काय!

मुलाला रविवारी तलावावर नेलं. त्याने स्वतः दोरी टाकून आकडा ताडून पाहिला. मग दोरी गुंडाळत म्हणाला, "चालते. पण आता तू जायचं नाही."

"शब्द दिला होता तू."

"तेव्हा तुझ्या वॉल्व्हचं माहीत नव्हतं, आई! एकटीच पाण्याच्या मधात असशील, अन् काही झालं तर?"

त्याचा आवाज फाटला. लहानपणी तापात जसा बोलायचा तसा बोलला, आणि क्षणभर मला वाटलं, जाऊ दे, विकून टाकावी.

"तर होईल," मी म्हटलं. "घरी होणार नाही काय? त्या भीतीनं आजपासूनच काठावर बसून राहू?"

मला जोर लावायची मनाई, त्यामुळे बोट काठापासून त्यालाच ढकलावी लागली. डोळे भरले होते त्याचे. मी पाहिलं, आणि मोटर सुरू केली.