आईच्या गळ्यातला टाक

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला मी वर्गात माझ्या आईवर सेमिनार दिला होता. विषय होता घरातला मुलगा-मुलगी भेद. मॅडमनी आधीच बजावलं होतं, पुस्तकातली उदाहरणं नकोत, आपापल्या घरात बघा. मला लांब जायची गरजच नव्हती. आमच्या सातपूरच्या दोन खोल्यांत सगळा अभ्यासक्रम हजर होता. तव्यावरची पहिली भाकरी दादाला, दुधावरची साय दादाला आणि धपाटे मला. दादानं काहीही केलं तरी आई त्याच्यावर आवाज चढवायची नाही. मी नुसती मध्ये आले तरी पाठीत बसायचा. हे मी इतकं रंगवून सांगितलं की वर्ग खो खो हसला. बाईच्याच हातून पितृसत्ता कशी चालते याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही, असं मॅडम म्हणाल्या. पुढे बरेच दिवस मी हवेत होते.

दुसऱ्या वर्षाला विवाह आणि नातेसंबंध असा पेपर होता. एका तासाला मॅडम प्रोजेक्टरवर दागिने दाखवत होत्या. बाईच्या अंगावरून तिचं लग्न, तिचं घर, तिची जात कशी ओळखतात, असं त्या दिवशीचं चाललं होतं. जोडवी झाली, मंगळसूत्राचे प्रकार झाले. मग पडद्यावर चांदीचा एक नखाएवढा पत्रा आला, त्यावर ठोकून उठवलेली बाईची आकृती.

"हा टाक," मॅडम म्हणाल्या. "पण देवघरातला नव्हे. पहिली बायको वारली आणि नवऱ्यानं दुसरी केली, तर काही घरांत दुसरीच्या गळ्यात पहिलीचा असा टाक घालतात. तिनं मागे राहून त्रास देऊ नये म्हणून. मेलेली सवत जन्मभर गळ्यात वागवायची."

मुली "ई" म्हणाल्या. मी मात्र पडद्याकडे बघतच राहिले. हा पत्रा मी पाहिला होता. पाहिला कसला, लहानपणी आईच्या मांडीवर बसून दातांत धरला होता. मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांत ओवलेला, झिजून गुळगुळीत झालेला. "देवी हाय ती, चावू नको," असं म्हणून आई तो माझ्या तोंडातून काढून घ्यायची. पुढचा तास मॅडम काय बोलल्या ते मला आजही सांगता येणार नाही. 

बसमध्ये मी स्वतःची समजूत घालत राहिले. देवीचा टाक कितीतरी बायका घालतात. आपण दोन पुस्तकं वाचली की आपल्याला सगळीकडे तेच दिसायला लागतं. घरी पोचेपर्यंत मी स्वतःला जवळजवळ पटवलं होतं.

आई खाली सतरंजीवर बसून साडीला फॉल लावत होती. वडील गेल्यापासून घर तिच्या या शिवणावर आणि नंतर दादाच्या नोकरीवर चाललेलं. मी चपला काढतच विचारलं, "आई, तुझ्या गळ्यातला टाक कोणत्या देवीचा?"

तिची सुई थांबली. तेवढ्यानंच मला कळलं.

"तुमच्या कॉलेजात हे पण शिकवतात का?" ती म्हणाली.

मी तिच्यासमोर बसले. ती माझ्याकडे न बघता बोलत होती. सातपूरला येण्याआधी, गावी, दादाची आई तापानं गेली तेव्हा दादा रांगत होता. आईला दुसरेपणावर दिली आणि मांडवातच तिच्या गळ्यात तो टाक घातला. तिचं वय तेव्हा आजच्या माझ्या वयापेक्षाही कमी होतं.

"सगळं गाव टपून बसलेलं," ती म्हणाली. "पोरगं रडलं तरी सावत्र, पडलं तरी सावत्र. शेजारीण खिडकीतून बघायची, मी त्याला जेवायला काय वाढते ते. म्हनून त्याला कधी बोट लावलं नाय मी. कधी मोठ्यानं बोलले पन नाय."

"आणि मला?"

"तुला मारलं तर कोन काय म्हननार होतं? तू माझी होतीस."

मला तिचा भयंकर राग आला. एवढी वर्षं मी ज्याला दुजाभाव समजत होते, तो आपलेपणा होता म्हणे! आणि त्याच वेळी मला माझा सेमिनार आठवला. या बाईला मी पन्नास पोरांसमोर उभी केली होती, आणि ती पोरं हसली होती. मी काय बघितलं होतं आणि होतं काय.  रडू येत होतं, पण कुणासाठी ते ठरत नव्हतं. दादा माझा आहे की नाही, असलाही एक मूर्ख विचार येऊन गेला.

आईनं माझं मनगट धरलं. "त्याला सांगशील तर बघ," ती म्हणाली. नेहमीचा दरारा आवाजात होता, पण माझं मनगट ती सोडत नव्हती. "त्याला काहीच ठाऊक नाय. कळलं तर मला आई म्हनल का तो?"

मी शब्द दिला. संध्याकाळी दादा अंबडच्या कंपनीतून घरी आला तेव्हा मला त्याच्याकडे बघवेना. आई त्याला वाढत होती, आणि मी तिच्या हाताकडे बघत होते. प्रत्येक वेळी वाढताना तिला अजूनही ती शेजारीण दिसत असेल का, हेच डोक्यात फिरत होतं. डोकं दुखतंय असं सांगून मी ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी दादाची सुट्टी होती. मला गाडीवरून कॉलेजला सोडताना त्यानं वाटेत गाडी बाजूला घेतली.

"काय झालंय? काल जेवलीसुद्धा नाहीस."

"काही नाही. कॉलेजात दागिन्यांवर शिकवतायत. कंटाळा आलाय."

त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं.  "म्हणजे आईच्या टाकाचं कळलं तुला," तो म्हणाला.

मी गाडीवरून उतरलेच. कालचा धक्का पुरेसा नव्हता की काय. दादाला आठवीत असतानाच कळलं होतं. सायखेड्याच्या यात्रेत कुणी एक म्हातारी त्याला पोटाशी धरून रडली आणि माझ्या मेलेल्या लेकीचं लेकरू, असं म्हणत राहिली. त्यानं घरी येऊन कुणाला काही सांगितलं नाही.

"आईला कळू देऊ नकोस, मला माहीत आहे ते," तो म्हणाला. "तिला वाटेल, मी आता तिला परकी समजेन."

मी त्याला सांगणार होते, अरे तीही हेच म्हणाली. पण आईला शब्द दिला होता. दोघांच्या मध्ये मी अशी उभी, आणि माझ्याकडे समाजशास्त्राची सगळी पुस्तकं. मग काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "पण तुझी चैन होती ना. एकदाही मार नाही बसला तुला."

तो हसला नाही. "यात्रेवरून आलो त्याच आठवड्यात मी आईकडच्या एका गिऱ्हाइकाच्या नव्या साडीवर शाई सांडली," तो म्हणाला. "मुद्दाम. पूर्ण दौत. म्हटलं, आज तर मारेलच."

"मग?"

"मला म्हणाली, डोळ्यात नाही ना उडाली, जा, हात धुऊन घे. तेवढ्यात तू बघायला धावत आलीस आणि तुला धपाटा बसला." तो गाडीच्या हँडलकडे बघत होता. "मी मोरीत जाऊन रडलो. तुझा इतका राग आला होता मला."