निर्मनुष्य दरीतल्या सात बायका

कन्नड तालुक्याच्या डोंगरातली एक दरी जगापुढं सर्वप्रथम मी आणली, हे माझं म्हणणं आजही कायम आहे. (घरात ते कुणालाही मान्य नाही.)

तीस वर्षं वर्तमानपत्रात काढल्यानं एक सवय जडली होती : छायाचित्र हाती येण्याआधीच त्याखालची ओळ लिहून ठेवायची. निवृत्तीनंतर कॅमेरा घेतला, शहरातल्या एका प्रदर्शनात जागा मिळवली आणि चिकलठाण्याच्या घरी बसूनच ओळ पाठवली : 'माणसाचं पाऊल न पडलेली दरी'. प्रदर्शनाच्या निमंत्रणपत्रिकेत ती छापूनही आली. आता फक्त दरी शोधायची होती.

डोंगराच्या पायथ्याशी बायकोची मावशी, गयाबाई, राहते. ती सोबत यायला निघाली. मी नको म्हटलं. वाटाड्या घेतला तर शोध कसला? सातला दरीत उतरलो. नवाला हवं ते छायाचित्र काढलं (चष्मा काढून, तो कॅमेऱ्याला अडतो). सव्वानवाला वाट हरवली. अकराला मावशी माझ्यापुढं उभी होती, मागं आणखी सहा बायका, डोक्यावर सीताफळांच्या टोपल्या.

"कवाच्या हाका मारायलोत, जावईबापू. वर बघायलाच तयार नाय तुम्ही."

त्यांनी कॅमेरा एका टोपलीत ठेवला आणि मला मधे घालून खाली आणलं.

छायाचित्र चार फुटांचं होऊन भिंतीवर लागलं, तेव्हा समोरच्या कड्यावर सात बायका हात हलवताना स्वच्छ दिसल्या!

बायको म्हणाली, ओळ बदला. मी नकार दिला. तीस वर्षांत एकही चूकदुरुस्ती छापली नव्हती. सात बायकांसाठी सुरुवात करणार नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मावशी स्वतः आली. ओळ एकेक अक्षर लावून वाचली.

"मंग आम्ही कोण?"

मी सांगितलं, छापलेलं बदलत नसतं.

"नका बदलू. मी बी हलत नाय."

पहारेकऱ्याची खुर्ची ओढून ती छायाचित्राखाली बसली. येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागली : ही मी, ही माझी जाऊ, हा झरा, आणि ह्या झाडाखाली जावई सापडले. दालनातली बाकीची छायाचित्रं ओस पडली. मी माझ्या ओळीशेजारी ताठ उभा होतो.

संध्याकाळी तिच्यापुढं रांग लागली. रांगेतल्या एका मुलीनं माझ्या हातात मोबाइल दिला. "काका, आजींसोबत आमचा एक फोटो काढा ना."

काढला. मग मागच्यांचा, त्यांच्या मागच्यांचा. संपूर्ण प्रदर्शनात लोकांनी मागून घेतली अशी माझी छायाचित्रं तेवढीच.